‘परत कधी जाणार?’ व्हिसा समजून घेताना

आमच्या सोलापूरची गड्डा यात्रा संपून आठवडा झाला असेल. शेजारच्या वहिनी एक पाकीट घेऊन दारात उभ्या राहिल्या. थोरला मुलगा जर्मनीत, सुनेचे दिवस भरत आलेले, आणि हातात व्हिसा नाकारल्याचा कागद. म्हणाल्या, “भाऊजी, पासपोर्ट तर आपल्या सरकारनं दिला ना? मग नाही म्हणणारे हे कोण?”

प्रश्न अगदी मुळाचा होता. मी बँकेच्या कर्ज विभागात सगळी नोकरी केली, त्यामुळे लोकांच्या फायली वाचायची सवय आहे. त्यांची फाईल उघडली आणि वाईट वाटलं. बाई सरळ, घर सधन, मुलगा कर्ता. फक्त व्हिसा म्हणजे काय हे त्यांना कुणी बसून सांगितलंच नव्हतं. आज सोलापुरात गल्लीगल्लीत असं एखादं घर आहे, ज्याचं मूल पुण्याच्या वाटेनं पुढे परदेशात गेलं. अशा आईवडिलांसाठी हे जरा सविस्तर लिहितो आहे.

पासपोर्ट आपला, व्हिसा त्यांचा

पासपोर्ट म्हणजे ‘हा माणूस आमचा नागरिक आहे’ असं भारत सरकारनं जगाला दिलेलं ओळखपत्र. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याखाली तो मिळतो. ३६ पानी पुस्तिकेची साधी फी १,५०० रुपये, आणि प्रौढ माणसाला तो दहा वर्षं चालतो. त्यासाठी आता पुण्याला जावं लागत नाही, सोलापुरात पोस्टातच पासपोर्ट सेवा केंद्र आहे.

व्हिसा हे वेगळं प्रकरण. ज्या देशात जायचं, त्या देशानं दिलेली ती परवानगी: कशासाठी यायचं, किती दिवस राहायचं, किती वेळा यायचं. पासपोर्ट मागणं हा नागरिक म्हणून आपला हक्क आहे. दुसऱ्याच्या घरी राहायला जाणं हा मात्र कुणाचाच हक्क नसतो. तिथे विचारावं लागतं, आणि घरवाला ‘नको’ म्हणू शकतो.

अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. पासपोर्टची मुदत अजून चार महिने आहे म्हणून माणूस निर्धास्त असतो, पण अनेक देशांना प्रवासाच्या वेळी सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते. युरोपात जर्मनीसह एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांचा गट आहे, त्यांना शेंगेन देश म्हणतात. त्यांचा नियम असा, की तिथून निघायच्या तारखेनंतर किमान तीन महिने पासपोर्ट चालू हवा आणि तो दहा वर्षांपेक्षा जुना नको. तेव्हा आधी तारीख पाहा, मग बाकीचं.

घरमालकाला कसली भीती असते?

समजा, तुमच्या वाड्यात दोन खोल्या रिकाम्या आहेत आणि एक जण भाड्यानं मागायला आला. तुम्ही त्याचे कपडे पाहता, बोलणं पाहता, नोकरी विचारता. पण मनातला खरा प्रश्न वेगळाच असतो: अकरा महिन्यांचा करार संपला, की हा खोली खाली करेल का? एकदा ज्याच्या घरात भाडेकरू ठाण मांडून बसलाय, तो मालक पुढच्या प्रत्येक माणसाकडे त्याच नजरेनं पाहतो. समोरचा माणूस वाईट आहे असं त्याला म्हणायचं नसतं. त्याला आधीचा अनुभव असतो.

व्हिसा अधिकारी हा तो घरमालक. भेटीचा किंवा पर्यटनाचा व्हिसा मागणाऱ्या माणसाबद्दल त्याच्या मनात मुख्य प्रश्न एकच: हा परत कधी जाणार, आणि खरंच जाणार का?

अमेरिकेनं तर हे कायद्यातच लिहून ठेवलंय. तिथल्या स्थलांतर कायद्याचं कलम २१४(ब) सांगतं, की तात्पुरता व्हिसा मागणारा जवळजवळ प्रत्येक जण कायमचा राहायलाच येतोय असं आधी धरून चालायचं. तसं नाही हे पटवून देण्याची जबाबदारी अर्जदाराची. आपल्या कोर्टात गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, इथे उलटं. मुंबईतल्या वकिलातीच्या खिडकीवर दोन-तीन मिनिटांत ‘नाही’ ऐकून आलेले लोक मला विचारतात, “माझे कागद पाहिलेसुद्धा नाहीत!” कागद न पाहताही तो अधिकारी तेच तपासत होता. तुमच्या उत्तरांतून त्याला परतीची खूण दिसली नाही, एवढाच त्या ‘नाही’चा अर्थ.

परतीची खूण म्हणजे तुम्हाला इथे बांधून ठेवणारं जे काही आहे ते. नोकरी आणि मंजूर रजा. चालू धंदा. शेती. शिकणारी मुलं, घरात म्हातारी माणसं. पेन्शन. वहिनींच्या घरी यंत्रमाग आहेत, टॉवेलचं काम चालतं, धाकटा मुलगा आणि त्या मिळून ते बघतात. कारखान्याचा हिशेब अजून वहिनींच्या वहीत असतो. यापेक्षा पक्की खूण कोणती? पण फाईलमध्ये त्याचा एक शब्दही नव्हता. एजंटनं ‘गृहिणी’ एवढंच लिहिलं होतं.

खात्यात किती पैसे दाखवायचे?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि इथेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो.

वहिनींच्या पासबुकात वर्षभर तीस-चाळीस हजारांची ये-जा. अर्जाच्या नऊ दिवस आधी एकदम चार लाख जमा. एजंटनं सांगितलं, “पैसा दिसला पाहिजे.” दीर आणि भाच्याकडून हातउसने घेऊन भरले. कर्जाच्या फाईलमध्ये असा आकडा दिसला की आम्ही पहिला प्रश्न विचारायचो: हे पैसे आले कुठून? व्हिसा अधिकारीही तेच विचारतो. फरक एवढाच, की तो तोंडी विचारत नाही. मनात शंका धरतो आणि पुढचं पान उलटतो. त्या चार लाखांनी वहिनींची बाजू भक्कम झाली नाही, उलट खरे असलेले चाळीस हजारही संशयात आले.

अधिकाऱ्याला तुमची श्रीमंती मोजायची नसते. त्याला तीन गोष्टी जुळताना बघायच्या असतात: तुमची कमाई, खात्यातली उलाढाल आणि प्रवासाचा खर्च. महिना पस्तीस हजार मिळवणारा माणूस आठ दिवस व्हिएतनाम फिरून येतो म्हणाला तर ते जुळतं. तोच माणूस दीड महिना स्वित्झर्लंडच्या हॉटेलांत राहणार म्हणाला तर जुळत नाही, मग खात्यात दहा लाख का असेनात.

“पण आम्ही शेतकरी. आमची पगाराची चिठ्ठी कुठून आणायची?” बार्शी, माढा, पंढरपूरकडचे लोक हे विचारतात आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. उसाचं बिल बँकेत जमा होतं, ती नोंद दाखवा. कारखान्याच्या पावत्या, सातबारा, त्याचं इंग्रजी भाषांतर जोडा. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, पण दुसरं काही उत्पन्न असेल आणि विवरणपत्र भरत असाल तर तेही लावा. सोबत एका पानाचं साधं पत्र लिहा: किती एकर, काय पीक, पैसा वर्षातून कधी येतो. ऊस काय आणि तो वर्षातून एकदाच पैसा का देतो, हे त्या अधिकाऱ्याला माहीत असण्याचं कारण नाही. ते आपणच सांगायचं.

खर्च मुलगा करणार असेल तर तसंच लिहा, त्यात कमीपणा काही नाही. जर्मनीत तर त्याची पद्धतच ठरलेली आहे. तिथे राहणारा मुलगा स्थानिक परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन आईवडिलांच्या खर्चाचं अधिकृत हमीपत्र करून देतो. आपल्याकडचा जामीनदार असतो, तसंच हे. वहिनींच्या मुलानं ते करून द्यायची तयारी आधीच दाखवली होती. एजंट म्हणाला, “गरज नाही, पर्यटक दाखवू.” आणि त्यानं बर्लिनच्या हॉटेलचं बुकिंग जोडलं. बाळंतपणाला निघालेली आई कागदावर एकटी हॉटेलात राहून फिरणार होती. नाकारण्याच्या कागदावर कारणाच्या चौकटीत खूण होती: प्रवासाचा उद्देश पटण्यासारखा नाही. मला सांगा, तो अधिकारी चुकला का?

एक व्हिसा, २९ देश

लक्झेंबर्गमध्ये शेंगेन नावाचं छोटं गाव आहे. तिथे १४ जून १९८५ रोजी पाच देशांनी आपसांतल्या सीमांवरची तपासणी काढून टाकायचा करार केला. आज त्यात २९ देश आहेत. बल्गेरिया आणि रोमानिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आत आले. एका व्हिसावर या सगळ्यांत फिरता येतं. इंग्लंड आणि आयर्लंड मात्र यात नाहीत, त्यांचे व्हिसा वेगळे. पॅरिस पाहून लंडनला जाऊ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

अर्ज कुठल्या देशाकडे करायचा? जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे. अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून भलत्याच देशाकडे अर्ज टाकणं ही पुन्हा न जुळणारी गोष्ट. प्रौढ माणसाची फी ९० युरो, आणि नकार आला तरी ती परत मिळत नाही. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय प्रवास विमा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी व्हायला हवा. निर्णय साधारण पंधरा दिवसांत लागतो, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. म्हणून सुटीच्या हंगामात दोन-तीन महिने हाताशी ठेवा.

राहण्याचा नियम असा: कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. हे ऐकताना सोपं वाटतं, मोजताना चुकतं. पोचण्याचा दिवस आणि निघण्याचा दिवस, दोन्ही धरायचे. १ मार्चला पोचलात तर ९० दिवस २९ मेला संपतात. तीन महिने म्हणून ३१ मेचं तिकीट काढलं तर दोन दिवस जास्त झाले. पुन्हा आत जायचं तर २८ ऑगस्टपर्यंत थांबायचं, कारण त्या दिवशी १ मार्च हा दिवस मागच्या १८० दिवसांच्या बाहेर पडतो. बोटांवर मोजू नका, कॅलेंडरवर खुणा करा. ऑक्टोबर २०२५ पासून त्यांच्या सीमांवर ये-जा टप्प्याटप्प्यानं संगणकावर नोंदली जाऊ लागली आहे, दोन दिवसांची चूकही आता आपोआप दिसते.

दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दहा वर्षं राहायची मुभा?

नाही. अमेरिकेचा भेटीचा व्हिसा आपल्याकडच्या लोकांना बहुधा दहा वर्षांचा मिळतो, पण ती दारापर्यंत जायची मुदत. आत किती दिवस राहायचं हे तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. साधारणपणे सहा महिने. ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते आणि ती इंटरनेटवर पाहता येते. उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात मुलाला ती काढून द्यायला सांगा आणि फ्रिजवर चिकटवून ठेवा.

यातूनच दुसरी गोष्ट कळते. व्हिसा असला तरी प्रवेशाची खात्री नसते, शेवटचा शब्द सीमेवरच्या अधिकाऱ्याचा. म्हणून कागदांच्या प्रती हातातल्या पिशवीत हव्यात, सामानाच्या बॅगेत नकोत. आणि ‘कशासाठी आलात’ याचं उत्तर अर्जात लिहिलं तेच हवं.

नावाचा गोंधळ

हा भाग सोलापूरकरांसाठी खास लिहितो, कारण मी तो इथे फार पाहिलाय. आपल्याकडे तेलुगू बोलणाऱ्या घरांत आडनाव आधी लिहितात, मराठी घरांत शेवटी. बाईचं माहेरचं नाव शाळेच्या दाखल्यावर, सासरचं आधारवर, आणि पासबुकात तिसरंच काही. माणूस एक, पण कागदांवर तीन.

पासपोर्टमध्ये दोन रकाने असतात: एक स्वतःच्या नावाचा, दुसरा आडनावाचा. काहींचं सगळं नाव पहिल्याच रकान्यात भरलेलं असतं आणि आडनावाची जागा रिकामी. संयुक्त अरब अमिरातीनं नोव्हेंबर २०२२ पासून दुसरा रकाना रिकामा ठेवून एकच नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटक आणि भेटीचे व्हिसा देणं बंद केलं. दुबईला निघालेला माणूस अशा वेळी विमानतळावर अडकतो. पासपोर्ट काढतानाच दोन्ही रकाने भरा. आणि विमानाचं तिकीट पासपोर्टमधल्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळवा.

जिथे व्हिसा लागत नाही

नेपाळला आपल्याला व्हिसा नको, मतदार ओळखपत्रावरही जाता येतं. भूतानला व्हिसा नाही, पण परवाना लागतो आणि भारतीय पर्यटकाला रात्रीमागे १,२०० रुपये शुल्क. मलेशियानं डिसेंबर २०२३ पासून आपल्याला व्हिसातून सूट दिली. थायलंडची सूटही बऱ्याच जणांना माहीत आहे, पण १ मे २०२५ पासून तिथे पोचण्याआधी इंटरनेटवर एक कार्ड भरावं लागतं. ते फुकट आहे. त्याचे पैसे मागणारी संकेतस्थळं मात्र शोधात वरच येतात, सरकारी पत्ता नीट वाचून घ्या. आणि ही सूट देश कधीही बदलतात. गेल्या वर्षी शेजारी जाऊन आला, हा पुरावा धरू नका.

कामाला जाणाऱ्यांसाठी: इथे चूक महागात पडते

आखाती देशांत ड्रायव्हर, गवंडी, शिवणकाम करणारे म्हणून आपल्या जिल्ह्यातली मुलं जातात. त्यांना एजंट सांगतो, “आधी व्हिझिटवर जा, तिथे गेल्यावर बदलून घेऊ.” किंवा ‘आझाद व्हिसा’ देतो, म्हणजे कागदावर एक मालक आणि काम कुठेही करा. आखातात कामाचा व्हिसा मालकाच्या नावानं असतो, त्याला तिथे कफील म्हणतात. भेटीच्या व्हिसावर काम करणं तिथे गुन्हा आहे. पगार थकला, अपघात झाला तर तक्रार करायला जावं तर पहिला आरोपी तुम्हीच.

दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर ‘उत्प्रवास तपासणी आवश्यक’ अशा अर्थाची नोंद असते. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली अशा माणसाला ठरावीक १८ देशांत कामाला जाण्याआधी सरकारी मंजुरी घ्यावी लागते. आखातातले सगळे नेहमीचे देश त्यात आहेत. लोक तिला कटकट समजतात. मला ती कागदावरची थोरल्या भावाची भूमिका वाटते: करार पाहिला जातो, पगार पाहिला जातो, आणि प्रवासी भारतीय विमा योजनेत दोन वर्षांच्या २७५ रुपयांच्या हप्त्यात दहा लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं.

नोंदणीकृत भरती एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं. एजंट नोंदलेला आहे का हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येतं. दीड-दोन लाख मागणारा भेटला तर शेतजमीन गहाण टाकण्याआधी तिथे त्याचं नाव शोधा. मी हात जोडून सांगतो, शोधा.

आणि थायलंडमध्ये संगणकाचं काम, पगार लाखभर, व्हिसाची गरज नाही, असा संदेश मोबाईलवर आला तर विशेष जपा. अशाच आमिषानं नेलेल्या मुलांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये डांबून ऑनलाइन फसवणुकीचं काम करायला लावलं गेलं. मार्च २०२५ मध्ये आपल्या हवाई दलाच्या विमानांनी अशा ५४९ भारतीयांना परत आणलं.

“एजंट गॅरंटी देतो, मग काय हरकत?”

व्हिसाची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही. पुण्या-मुंबईत जिथे आपण कागद आणि बोटांचे ठसे देतो ती केंद्रंसुद्धा फक्त पोस्टमनचं काम करतात. निर्णय वकिलातीत होतो. चांगला एजंट अर्ज नीट भरून देतो, अपॉइंटमेंट मिळवून देतो, आणि त्याची मजुरी घेणं योग्यच आहे. पण सही तुमची असते. त्यानं खोटं लिहिलं तर खोटं तुम्ही बोललात असं धरलं जातं. फसवणूक आढळली तर ब्रिटन दहा वर्षं दार बंद करतं, अमेरिका कायमचंही करू शकते. म्हणून भरलेला अर्ज सही करण्याआधी घरातल्या कुणाकडून तरी मराठीत समजून घ्या.

नाकारला तर

नकार हा डाग नाही, पण तो लपवला तर डाग होतो. पुढच्या अर्जात ‘आधी नाकारला होता का’ हा प्रश्न असतो. हो म्हणा आणि कारण लिहा. शेंगेन देशांच्या सामाईक नोंदीत तो पाच वर्षं दिसतच असतो. तोच अर्ज, तेच कागद घेऊन आठ दिवसांत पुन्हा जाण्यात अर्थ नाही. ज्या चौकटीत खूण आहे, तिचं उत्तर आधी तयार करा.

वहिनींचं आम्ही तसंच केलं. उसने चार लाख ज्याचे त्याला परत, आणि त्याची नोंदही झाकली नाही. मुलाचं हमीपत्र, त्याच्या घराचा करार, सुनेच्या डॉक्टरांचं तारखेसह पत्र. मागांच्या कारखान्याची नोंदणी, विजेचं बिल, धाकट्यासोबतच्या भागीदारीचा कागद. आणि वहिनींच्या शब्दांत एक पान: पहिल्या अर्जात हॉटेल लिहिलं ते चूक होतं, मी मुलाकडे सुनेच्या बाळंतपणाला चालले आहे, मेमध्ये माझ्या पुतणीचं लग्न आहे त्याआधी परत येईन.

तीन आठवड्यांनी पासपोर्ट आला. चष्मा लावून आम्ही दोघांनी ओट्यावर बसून तो चिकटवलेला कागद वाचला. कुठल्या तारखेपासून, कुठल्या तारखेपर्यंत, किती वेळा प्रवेश, आणि त्याखाली वेगळ्या रकान्यात मुक्कामाचे दिवस: साठ. दोन तारखांमधलं अंतर त्याहून जास्त होतं. मी म्हणालो, वहिनी, तारखा म्हणजे कधी जाता येईल ते, दिवस म्हणजे किती राहता येईल ते, दिवस मोजायचे.

त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं, पोचण्याचा दिवस पहिला धरून बोट पुढे पुढे सरकवलं आणि एका चौकोनावर पेन्सिलीनं गोल केला. म्हणाल्या, “भाऊजी, अठ्ठावन्नाव्या दिवसाचं तिकीट काढायला सांगते.”